लिनक्सचे भांडार आणि त्याची राखण

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहतात ते किल्ले, लढाया आणि तहनामे. कोठारांचा इतिहास सांगण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. वास्तविक पन्हाळ्यावर जाऊन अंबारखान्याच्या त्या अवाढव्य इमारती ज्याने पाहिल्या असतील त्याला, गड झुंजतो तो तटावरच्या तोफांइतकाच कोठारातल्या दाण्यावर, हे निराळे सांगावयास नको. दाणा किती आला, कोणाच्या हुकुमाने आला, मध्ये कोणी त्यात खडे मिसळले की काय, या साऱ्याचा हिशेब चोख असेल तर गड तग धरतो. प्रस्तुत लेखात सांगावयाची आहे ती अशाच एका कोठाराची हकीकत. ते दगडाचुन्याचे नाही, आणि त्याचा जन्मही फार जुना नाही. पण त्याच्या राखणीची कथा मोठी बोधप्रद आहे.

लिनक्स हे नाव सर्वच वाचकांच्या परिचयाचे असेल असे नाही. संगणक चालू होताच त्याचा सगळा कारभार जी हाती घेते तिला कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज ही जशी एक, तशीच लिनक्स ही दुसरी. अँड्रॉइड जातीचा फोन आपल्या खिशात असेल तर त्याच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे. या प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाला नवा प्रोग्राम हवा झाला, की तो मालकाला दुकानोदुकानी हिंडवीत नाही. ठरलेल्या भांडाराकडे मागणी नोंदवतो, माल उतरवून घेतो आणि जागच्या जागी लावून टाकतो. बहुधा हे काम बिनबोभाट होते. पण एखादे दिवशी पडद्यावर नको ती ओळ उमटते. माल मिळाला नाही, बेरीज जुळत नाही, सही ओळखीची नाही, असे काही तरी ती सांगते आणि मालक कपाळाला हात लावतो. यंत्र बिघडले अशी त्याची समजूत होते. माझे म्हणणे असे आहे की, अशा वेळी यंत्र बहुतेक करून आपले कर्तव्यच बजावीत असते. त्या प्रत्येक ओळीमागे पूर्वी काही तरी घडलेले आहे. आणि ते कळले म्हणजे कोणते कुलूप कोणत्या किल्लीने उघडावयाचे हेही उमगू लागते.

आरंभ झाला तो फिनलंडमध्ये. लिनस टॉरव्हल्ड्स हा हेलसिंकी विद्यापीठातला एकवीस वर्षांचा विद्यार्थी. १९९१ च्या ऑगस्टमध्ये त्याने आपण एक छोटी कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जगजाहीर केले आणि सप्टेंबरात तिचा पहिला मसुदा फिनलंडच्या विद्यापीठांना जोडणाऱ्या जाळ्यातील एका संगणकावर ठेवून दिला. ज्याला हवा त्याने तो तेथून न्यावा. टॉरव्हल्ड्सच्या मनात या अपत्याचे नाव ‘फ्रीक्स’ ठेवावयाचे होते. पण तो संगणक सांभाळणाऱ्या आरी लेम्के याने त्या कप्प्यावर ‘लिनक्स’ असे लिहिले, आणि तेच नाव पुढे चालले. तेव्हा या प्रणालीचे बारसे आईबापांनी केले नसून कोठावळ्याने केले, असे म्हणावयास हरकत नाही.

पण एका कप्प्यात एक वस्तू ठेवणे निराळे आणि भांडार चालवणे निराळे. नुसत्या गाभ्यावर कोणाचा संसार होत नाही. लिहिण्याची, वाचण्याची, छापण्याची, पत्रे धाडण्याची साधने लागतात. ही साधने, ज्यांतील कितीतरी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पात तयार झाली होती, गोळा करून लोक फ्लॉपीच्या चळती बांधू लागले. १९९२ मधली एसएलएस ही अशी एक प्रसिद्ध चळत. तिच्यात दोष फार, आणि ते दुरुस्त करण्याची कोणाला घाई नाही, हे पाहून अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातला इयन मर्डॉक हा विद्यार्थी अस्वस्थ झाला. १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्याने नवा प्रकल्प जाहीर केला. आपल्या मैत्रिणीचे डेब्रा हे नाव आणि आपले इयन हे नाव जोडून त्याने त्याला ‘डेबियन’ म्हटले. कल्पना अशी की, एकाने सगळे करण्याऐवजी प्रत्येक स्वयंसेवकाने एकेक प्रोग्राम दत्तक घ्यावा, त्याचे नीट पुडके बांधावे, आणि सगळी पुडकी एका भांडारात, एका नियमाने ठेवावीत. या पुडक्याला पॅकेज म्हणतात. १९९६ च्या जूनमध्ये डेबियनची १.१ ही आवृत्ती निघाली तेव्हा भांडारात ४७४ पॅकेजे होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तेरावी आवृत्ती निघाली तेव्हा हा आकडा सत्तर हजारांच्या घरात गेला होता.

पहिली आवृत्ती १.१ कशी, १.० कोठे गेली, असा प्रश्न चाणाक्ष वाचकाला पडेल. त्यातच भांडाराला मिळालेला पहिला धडा आहे. मंडळी १.० च्या तयारीला लागली होती आणि अर्धवट माल त्याच नावाच्या कप्प्यात मांडून ठेवला होता. तबकड्या विकणाऱ्या इन्फोमॅजिक या कंपनीने १९९५ च्या डिसेंबरात तो तयार समजून तबकडीवर उतरवला आणि विकला. चूक ध्यानात येताच दोन्ही पक्षांनी ती जाहीर केली; पण तो आकडा नासला तो नासलाच. तेव्हापासून डेबियनमध्ये अपुऱ्या मालाच्या कप्प्यावर आकडा लिहीत नाहीत, टोपणनाव लिहितात. त्या वेळचे प्रमुख ब्रूस पेरेन्स हे पिक्सार या चित्रपट कंपनीत काम करीत असत. म्हणून ही नावे ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या खेळण्यांची पडली, ती आजतागायत चालू आहेत. आवृत्ती पक्की झाली म्हणजे तिच्या कप्प्याकडे ‘स्थिर’ अशी पाटी वळवतात. नवी आली की पाटी तिकडे फिरते. आज एखाद्याच्या संगणकावर ‘या भांडाराने आपली पाटी बदलली आहे, मान्य आहे काय?’ अशा अर्थाची तक्रार येते. ते भांडण नव्हे, चौकशी होय. जुनी आवृत्ती मागे पडून नवी आली आहे. आपल्याला कोणती हवी ते मालकाने स्वतः ठरवावे, एवढेच यंत्राचे म्हणणे असते.

आपल्याकडे सामान्य लोकांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमच्या मार्फत. टेलिफोनच्या तारेवरून रडतखडत चालणाऱ्या त्या जाळ्यातून सबंध प्रणाली उतरवून घेणे म्हणजे गोमुखीने विहीर उपसण्यासारखेच होते. त्या दिवसांत ‘पीसी क्वेस्ट’सारखे मासिक आपल्या अंकासोबत लिनक्सची तबकडी देई, आणि ती हातोहात फिरे. तबकडीत माल न मिळण्याची भीती नव्हती. भीती होती ती माल शिळा होण्याची. दुरुस्त्या रोज निघत आणि तबकडी वर्षाची. शिवाय दुसरी अडचण अशी की, एक पॅकेज लावावे तर ते दुसरे मागे, दुसरे तिसरे मागे. डेबियनचे ‘डीपीकेजी’ हे अवजार, अमुक वस्तू कमी आहे एवढे सांगून हात झाडून मोकळे होई. या सांसारिक विवंचनेवर उपाय म्हणून ‘ॲप्ट’ हे अवजार तयार झाले आणि १९९९ च्या मार्चमध्ये डेबियन २.१ बरोबर सर्वांच्या हाती आले. ते यादी पाहून कशाला काय लागते हे स्वतः ठरवते आणि सगळे एकदम मागवते. दुसऱ्या एका घराण्यात, म्हणजे रेड हॅट या प्रणालीच्या परिवारात, ड्यूक विद्यापीठातल्या सेथ व्हिडाल याने ‘यम’ या अवजाराच्या रूपाने हेच काम पुढे केले. या यमाचा आपल्या यमराजाशी संबंध नाही, हे घाबरट वाचकांसाठी सांगून ठेवतो.

आता सगळ्या जगाने एकाच दाराशी रांग लावली तर दार मोडावयाचे. म्हणून ठिकठिकाणी भांडाराच्या हुबेहूब नकला उभ्या राहिल्या. त्यांना मिरर, म्हणजे आरसे, म्हणतात. हे आरसे बहुतेक विद्यापीठे आणि सेवाभावी संस्था आपल्या खर्चाने ठेवतात. आपल्याकडे कानपूरच्या आयआयटीतील संगणक विभागाने असा आरसा चालवला आहे. मूळ भांडाराशी आरसा जुळवून घेण्यासाठी लागणारे ‘आरसिंक’ हे साधन अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली ऑस्ट्रेलियात तयार केले. दोन प्रतींमध्ये जेवढा फरक असेल तेवढाच ते तारेवरून नेते.

डेबियनचे मूळ भांडार दिवसातून चार वेळा नवा माल आत घेते. आरशाला तो पोचावयास वेळ लागणारच. येथेच त्या सुप्रसिद्ध तक्रारीचे मूळ आहे, जिला ‘हॅश सम मिसमॅच’ म्हणतात. भांडाराबरोबर एक खतावणी असते. तीत प्रत्येक पॅकेजचे नाव, आकार आणि एक लांबलचक आकडा लिहिलेला असतो. हा आकडा त्या पॅकेजच्या अक्षरन् अक्षरावरून गणिताने काढतात. आत एक अक्षर बदलले तरी आकडा सर्वस्वी निराळा येतो. संगणक माल उतरवून घेतल्यावर हा आकडा स्वतः पुन्हा काढतो आणि खतावणीशी ताडून पाहतो. लक्ष्मीपूजनाला व्यापारी वही पूजतो, पण पूजेपूर्वी जमाखर्चाचा मेळ घालतो; पैचा फरक राहिला तरी त्याला चैन पडत नाही. संगणकाचेही तसेच. आरशावर खतावणी नवी आणि माल जुना, अशी स्थिती क्षणभर आली, किंवा मध्ये एखाद्या कचेरीच्या यंत्राने जुनी प्रत साठवून तीच पुढे केली, की मेळ बसत नाही. म्हणून आरसा चालवणारांना नियम घालून दिला आहे की, आधी नवा माल आणावा, मग खतावणी बदलावी, आणि जुना माल सर्वांच्या शेवटी टाकावा. उपायही यातूनच निघतो. घटकाभर थांबावे, आपल्याजवळची जुनी यादी पुसून नवी मागवावी, आणि तरीही मेळ न बसल्यास दुसरा आरसा गाठावा.

पण खतावणीच कोणी खोटी लिहिली तर? हा प्रश्न केवळ काल्पनिक राहिला नाही. २००३ च्या नोव्हेंबरात डेबियनचे चार महत्त्वाचे संगणक कोणी परक्याने चोरलेल्या पासवर्डाच्या साहाय्याने फोडल्याचे उघडकीस आले. सुदैवाने भांडारातल्या मालाला धक्का लागला नव्हता; परंतु तपासणी पुरी होईपर्यंत दुरुस्त्यांचे भांडार बंद ठेवावे लागले. खतावणीवर सही करण्याची कल्पना तोवर निघाली होती. २००७ च्या एप्रिलमध्ये निघालेल्या डेबियन ४.० पासून घरोघरचे ॲप्ट ती सही स्वतः तपासू लागले. भांडाराचे अधिकारी आपल्या गुप्त किल्लीने खतावणीच्या मुखपृष्ठावर सही करतात. तिची जोडीदार असलेली उघडी किल्ली प्रत्येक संगणकात अगोदरच ठेवलेली असते, आणि तिने सही खरी की खोटी ते कळते. मराठी राज्यात पत्राच्या अखेरीस मोर्तब उमटवीत, ते एवढ्याचसाठी की पुढे कोणी पदरची ओळ वाढवू नये. येथे हेच काम गणिताकडून करवून घेतले आहे.

२००८ साली अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग केला. जस्टिन कॅपॉस आणि त्यांचे सहकारी यांनी एक संगणक भाड्याने घेतला, एका बनावट कंपनीचे आणि बनावट व्यवस्थापकाचे नाव पुढे केले, आणि आम्हाला आरसा चालवावयाचा आहे असा अर्ज पाच प्रसिद्ध लिनक्स प्रकल्पांकडे धाडला. पाचही ठिकाणी तो मंजूर झाला! हजारो संगणक त्या आरशाकडे माल मागू लागले. त्यांत सरकारी आणि लष्करीही होते. खोटी सही करणे या आरशाला शक्य नव्हते हे खरे. पण लबाडीला दुसरीही वाट होती. पूर्वीची, खऱ्या सहीचीच, पण जुनी खतावणी पुढे करीत राहावे, म्हणजे दुरुस्ती निघूनही गिऱ्हाइकाला तिचा पत्ता लागू नये. अशा शिळेपणावर तोड म्हणून खतावणीवर मुदतीची तारीख घालण्याची रीत आहे. त्या तारखेनंतर ती रद्द समजावयाची.

खतावणीवरच्या तारखांमुळेच एक मोठी गमतीची अडचण उद्भवते. जुना संगणक अडगळीतून काढावा, त्यातली बटणाएवढी बॅटरी संपलेली असावी, आणि त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले असावे. तो भांडाराकडे जातो आणि परत येऊन सांगतो की, ही खतावणी अजून लागूच झालेली नाही! त्याच्या दृष्टीने ती उद्याची असते. मालक जाळे तपासतो, तारा ओढून पाहतो, सगळे पुन्हा बसवण्याची तयारी करतो. आणि पाहावयाचे असते फक्त घड्याळ. घड्याळ लावले की दार उघडते.

सहीची तक्रारही अशीच समजून घ्यावयास हवी. गुप्त किल्ल्या काही वर्षांनी बदलतात. संगणक जुना असेल तर त्याच्याजवळ नव्या किल्लीची जोडीदार नसते. तो म्हणतो, ही सही मला ओळखता येत नाही. किल्ली प्रकल्पाच्या अधिकृत ठिकाणाहूनच आणावी आणि ज्या भांडाराची असेल त्याच्यापुरतीच नेमून द्यावी. वाटेत भेटलेल्या कोणीही दिलेली किल्ली आपल्या जुडग्यात अडकवणे शहाणपणाचे नव्हे.

सर्वांत करुण म्हणावी अशी तक्रार मात्र ‘या पत्त्यावर काही नाही’ ही होय. कधी तिचे कारण साधे असते. आपली यादी कालची, भांडारात आज नवे पॅकेज आले आणि जुने निघाले. यादी ताजी केली की काम होते. पण कधी भांडारच उठून गेलेले असते. डेबियनने १ नोव्हेंबर २०१७ रोजी एफटीपी ही जुनी वाहतुकीची पद्धत सार्वजनिक वापरासाठी बंद केली, तेव्हा ज्यांच्या यादीत तो रस्ता लिहिलेला होता ते दारातच थांबले. सेंटओएस या प्रणालीचे प्रकरण याहून मोठे. तिची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाईल अशी अपेक्षा होती. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झाले की ती २०२१ अखेरच संपेल. सातवीची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली, आणि त्यानंतर, जवळचा आरसा कोणता हे सांगणारे तिचे चौकशीचे ठाणेच बंद झाले. आदल्या दिवसापर्यंत सुरळीत चालणारी यंत्रे ‘हा पत्ता सापडत नाही’ म्हणू लागली. माल नष्ट झाला नव्हता. तो जुन्या दप्तरखान्यात हलवला होता, आणि यादीत तो पत्ता लिहिला की मिळतही होता. परंतु दप्तरखान्यातल्या मालाला नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत. म्हणून तेथून जुजबी गरज भागवावी आणि शक्य तितक्या लवकर चालू आवृत्तीवर बिऱ्हाड हलवावे, हेच श्रेयस्कर.

आता पहारेकऱ्याविषयी. तोही माणसानेच घडवलेला, तेव्हा तोही चुकतो. २०१९ च्या जानेवारीत मॅक्स जस्टिक्झ या संशोधकाने दाखवून दिले की, भांडाराने दुसऱ्या पत्त्याकडे बोट दाखवले असता ॲप्टला वाटेतला लबाड फसवू शकतो आणि सही व बेरीज यांना बगल देऊन आपला माल आत घुसवू शकतो. दुरुस्ती तत्काळ निघाली. पण ती घरोघर पोचवावयाची कशी? त्याच सदोष पहारेकऱ्याच्या हातून! तेव्हा डेबियनने लोकांना सांगितले की, ही एक दुरुस्ती उतरवून घेताना ॲप्टला दुसऱ्या पत्त्याकडे वळण्याची मनाई करावी. वैद्याला त्याच्याच हातून औषध पाजावे तसा तो प्रकार होता, पण तो पार पडला.

एवढा इतिहास ध्यानात ठेवला तर अडलेल्या संगणकापुढे बसताना मन शांत राहते. प्रथम पाहावे की रस्ता आहे काय, म्हणजे जाळे चालू आहे आणि पत्त्याचे नाव उलगडते आहे. मग घड्याळ पाहावे. मग आपल्या यादीतला पत्ता आणि आवृत्तीचे नाव अजून नांदते आहे की दप्तरखान्यात गेले आहे ते तपासावे. मग यादी ताजी करावी. मेळ न बसल्यास आरसा बदलावा. सर्वांत शेवटी सहीचा विचार करावा. आणि तक्रारीची ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी. निम्मे उत्तर तिच्यातच असते.

एक उपाय मात्र मी सांगणार नाही, आणि तोच सर्वांत सोपा म्हणून हरघडी सुचवला जातो. सही तपासू नको, सगळ्यावर विश्वास ठेव, असे यंत्राला बजावण्याची सोय आहे. दोन शब्द लिहिले की तक्रार नाहीशी होते आणि माल धडाधड उतरू लागतो. पण मग तो कोणाचा माल, हे कोणालाच सांगता येणार नाही. त्याच संगणकावर आपले बँकेचे व्यवहार असतात, मुलांचे अभ्यास असतात, घरातल्या वडीलधाऱ्यांची कागदपत्रे असतात. दोन शब्दांनी जे आपण बाजूला सारतो ते १९९५ च्या तबकडीपासून २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत शेकडो माणसांनी, त्यांतल्या बहुतेकांनी एक पैही न घेता, एकेक वीट रचून बांधलेले असते.

या माणसांची वार्षिक परिषद २०२३ च्या सप्टेंबरात आपल्याच देशात, कोचीला भरली होती. डेबियन बसवताना आज भाषांच्या यादीत मराठीही दिसते. तीही कोणा स्वयंसेवकांनी बसून केलेली भाषांतरे आहेत. इयन मर्डॉक २०१५ च्या डिसेंबरात वारला. त्याने उभारलेल्या भांडाराच्या दप्तरखान्यात १९९६ सालची ती ४७४ पॅकेजांची पहिली आवृत्ती अद्याप जपून ठेवलेली आहे. ज्याला पाहावयाची असेल त्याला ती आजही उतरवून घेता येते.